सुगंधाआत्याची भांडुपची जागा

आमच्या सुगंधाआत्याने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भांडुपला जागा घेतली, तेव्हा घाटकोपरच्या आमच्या चाळीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. साल एकोणीसशे ऐंशी. बाईमाणसाने, त्यातून विधवेने, स्वतःच्या नावावर जागा घेतलेली आमच्या चाळीने तोवर पाहिली नव्हती. आणि घेतलेल्या जागेत राहायला न जाता ती भाड्याने द्यायची, हे तर ऐकलेलंही नव्हतं. समोरच्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, मालकीण खुराड्यात आणि भाडेकरू बंगल्यात. बंगला म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि दोन माणसं उभी राहिली की भरणारी गॅलरी.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि तो विषमज्वराने गेला. कणकवलीजवळच्या आमच्या गावात तिला कोणी ठेवून घेईना, म्हणून वडिलांनी, म्हणजे गुणाजींनी, तिला मुंबईला आणलं. तेव्हापासून ती आमच्यातच होती. वडील गिरणीत, आत्या मुलुंडला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात, आई द्रौपदी घरात, आणि मी व माझी बहीण शाळेत, अशी आमची पाच जणांची दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत आत्याच्या मालकीची एक ट्रंक होती आणि भिंतीवरचा एक खिळा, ज्याला तिची पिशवी अडकवलेली असे. झोपायला मोरी आणि चूल यांच्यामधली पट्टी. तिथे ती पाय दुमडूनच झोपत असे, कारण सरळ केले तर मोरीत जात.

पण बाई मिजाशीची. कंपनीत तिच्या टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्यांचे खोके भरले जात, आणि एक पट्टी कमी असलेला खोका तिला नुसता हातात घेऊन कळे. सुपरवायझर वजनकाट्यावर ठेवून बघायचा आणि खोका परत भरायला द्यायचा. जीभ तशीच. चाळीतल्या नळावर तिच्याशी भांडायला कोणी धजत नसे. माझी फजिती करण्यात तर तिला विशेष रस होता. मी मिसरूड फुटल्यावर आरशासमोर जरा जास्त उभा राहिलो की ती म्हणे, अंतू, आरसो झिजात. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की मात्र तीच जीभ टाळ्याला चिकटायची. हे मला फार उशिरा कळलं. खरं सांगायचं तर तेव्हाही कळत होतं, पण कळून घेणं सोयीचं नव्हतं.

जागा घ्यायचं तिच्या डोक्यात आलं ते एका निवृत्त झालेल्या बाईमुळे. तिच्याच टेबलावरची ती बाई. कंपनी सुटल्यावर वर्षभरात ती पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहू लागली. जुन्या मैत्रिणींना भेटायला आले म्हणायची, पण चहापुरते आणि तंबाखूपुरते पैसे मागून न्यायची, कारण मुलगे देत नव्हते. आत्याने दोनदा दिले. तिसऱ्यांदा आत्या कंपनीच्या मागच्या दाराने निघून घरी आली आणि आईला म्हणाली, वहिनी, माझ्यार अशी येळ येऊक नको. कंपनीला पेन्शन नव्हतं. तिने फंडातून उचल घेतली, बांगड्या मोडल्या, कामगारांच्या पतपेढीचं कर्ज काढलं आणि भांडुपला बांधत असलेल्या एका इमारतीत पैसे भरले. तिचं गणित साधं होतं. भाड्यातून कर्जाचा हप्ता जाणार, अठ्ठ्याऐंशी साली कर्ज फिटणार, नव्वद साली ती निवृत्त होणार. "माणूस म्हातारा झाला तरी घर म्हातारा होणा नाय," ती म्हणे. "ता कामाक जाता."

हे सगळ्यांना सांगायचं गणित. त्याच्या आत आणखी एक होतं, ते तिने फक्त मला दाखवलं. इमारतीला रंग लागायच्या आधी ती मला जागा बघायला घेऊन गेली. भिंतींना ओल्या सिमेंटचा वास होता, दारं बसायची होती. मी पुढच्या खोलीत आवाज घुमवून बघत होतो. ती स्वयंपाकघरात गेली, खिडकीखालच्या कोपऱ्यात तिने पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर पाय लांब करून बसली. चांगले सरळ, टाचा पुढे. मग म्हणाली, "हंय माझी खाट येतली. रिटायर झाल्यार मी हंयच ऱ्हवतलंय." मी अठरा वर्षांचा होतो. मी हो म्हटलं आणि बिल्डरने लिफ्ट का नाही ठेवली ते विचारलं.

वास्तुशांत तिने तेव्हा केली नाही. मी राहायला येईन तेव्हा करीन, म्हणाली.

भाडेकरू ठेवण्यात एक अडचण होती. सोसायटीचा नियम असा की जागा सभासदाने स्वतः राहण्यासाठी वापरायची. फार तर नातेवाईक ठेवता येतील. त्या काळात मुंबईत हे सर्रास चाले. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घरात कोणाचा तरी चुलतभाऊ, नाही तर मावसमेहुणा राहत असे. आत्याला मिळाली ती मंडळी मात्र घाटावरची निघाली. नंदकुमार साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर होता, सातारच्या बाजूचा. बायको पद्मजा तिकडचीच, नवीन लग्न झालेली, उंच आणि बुजरी. आत्याला ती बघताक्षणी आवडली. चुलत बहिणीची मुलगी म्हणून सोसायटीत तिला उभी करायचं ठरलं. पण सोसायटीचे सेक्रेटरी काशीरामकाका पोस्टातून निवृत्त झालेले, आणि पक्के मालवणी.

मग आमच्या खोलीत पद्मजाची तालीम झाली. आत्या परीक्षा घेई. गावचा देव कोण? रवळनाथ. सोमवारी काय खात नाहीत? मासे. मला काय म्हणायचं? मावशी. पद्मजा पाठ केलेली उत्तरं देताना पदराचं टोक पिळत होती आणि नंदकुमार आमच्या दारात बसून हसू दाबत होता. परीक्षेच्या दिवशी मीही बरोबर गेलो. काशीरामकाकांनी गाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कणकवलीच्या अलीकडं. ते 'अलीकडं' सरळ साताऱ्याचं होतं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी सहज विचारलं की सोलकढी कशी करतेस. पद्मजा म्हणाली, "ताकाची."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग आत्याकडे वळून म्हणाले, "सुगंधाबाय, तुमची भाची घाटार वाढलेली दिसता. माझ्या बायकोकडसून शिकान घे म्हणा." आणि त्यांनी कागदावर सही केली.

असं ते नातं लागलं. कागद करायचा प्रश्नच नव्हता. भाचीशी कोणी अकरा महिन्यांचा करार करतं का? पावती नाही, सही नाही. पहिल्या तारखेनंतरच्या रविवारी आत्या ठेवणीतली साडी नेसून भांडुपला जाई आणि भाडं घेऊन येई. सुरुवातीला अर्ध्या तासात परत यायची. पण शेजाऱ्यांना नातं दिसायला हवं म्हणून थोडं बसणं आलं, थोडं बसलं की चहा आला, चहाला नंदकुमार जेवूनच जा म्हणू लागला. वर्षभरात ती सकाळी जाऊन दिवेलागणीला परतू लागली. येताना डब्यात काहीबाही असे. पद्मजाची झुणका-भाकरी आमच्या आईलाही आवडे, फक्त आई ते कबूल करत नसे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील पहिले दोन महिने सभांना गेले, पुढचे दोन महिने पत्ते खेळले आणि नंतर नुसते दारात बसू लागले. मी कॉलेज सोडून अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये लागलो. पण माझा पगार तो केवढा. खरं म्हणजे त्या वर्षांत आमची खोली आत्याच्या पगारावर उभी होती. तिचा हप्ता भाड्यातून परस्पर जात होता म्हणून तिचा पगार आम्हाला पुरा पडत होता. ज्या जागेला चाळ हसली होती, त्या जागेने आमचं जेवण वाचवलं. वडिलांना हे सहन होत नसे. बहिणीच्या पैशाचा घास गिळायचा आणि तिच्या भाडेकरूंना शिव्या द्यायच्या, असा त्यांचा दिनक्रम झाला. पावती नाही, करार नाही, ते लोक जागा बळकावून बसणार, मुंबईत बसलेला भाडेकरू कधी उठलाय का, कोर्टात वीस वर्षं जातील. चूक काही बोलत नव्हते ते. अशी उदाहरणं प्रत्येक आळीत होती. आत्या ऐकून घ्यायची आणि तांदूळ निवडायची.

त्र्याऐंशीला पद्मजाला मुलगी झाली. नंदकुमारला बहीण नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, ती कुठून आणायची? पद्मजाने आमच्या आत्याला बोलावलं. साताऱ्याहून आलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, विधवेच्या तोंडून नाव नको म्हणून. मी तिथे होतो. बुजरी पद्मजा पाळण्याजवळून उठली आणि सासूच्या तोंडावर म्हणाली की हे मावशीचं घर आहे, नाव तीच ठेवेल. आत्याने बाळाच्या कानात उत्तरा म्हटलं. नंतर पाठीवर धपाटे घालणाऱ्या बायकाच थबकल्या, कारण आत्या वाकली होती ती वर उठेचना. रडत होती. नवरा गेल्यानंतर तिला कोणी शुभकार्यात पुढे केलेलं ते पहिलंच.

त्यानंतर आमच्याकडे तिच्या तोंडी उत्तरा सोडून काही नसे. उत्तरा बसली, उत्तरा रांगली, उत्तराने काशीरामकाकांचा चष्मा ओढला. मला थोडा मत्सरही वाटायचा. एकदा तिने सांगितलं की नंदूने वर्कशॉपात एक लोखंडी खाट केलीय, स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं माप घेऊन. मी विचारलं कोणासाठी. ती म्हणाली, कोणासाठी म्हणजे काय. मग पिशवी खिळ्याला लावून मोरीवर हात धुवायला गेली.

सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला माझं लग्न ठरलं. मुलगी बोरिवलीची, नाव कुंदा. माणसं चांगली. तिच्या वडिलांनी आमची खोली पाहिली, चहा घेतला आणि जाताना बाहेरच्या गॅलरीत मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं की मुलगी राहणार कुठे. त्यांचं काय चुकलं? मलाही त्याच प्रश्नाने झोप नव्हती. मुंबईत मुलं तिशीपर्यंत बिनलग्नाची राहत, ती काय बैरागी म्हणून नव्हे.

त्या संध्याकाळी वडिलांनी विषय काढला. घरात सगळे होतो. आत्या नुकतीच पाळीवरून आली होती.

"सुगंधा, जागा आपलीच आसा मा? मग घरापायी पोराचा लगीन मोडूचा काय?"

आत्या म्हणाली, कर्ज फिटायला अजून वर्ष आहे. वडील म्हणाले, ते अंतू बघेल, तो कमावता आहे. आई म्हणाली, परक्यांना किती दिवस पोसायचं. परक्यांनी आम्हाला पोसलं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.  आत्या दोघांनाही सोडून माझ्याकडे वळली.

"अंतू, तुझा काय म्हणणा?"

तिने मला विचारलं होतं. मला एकट्याला. नको आत्या, एवढं मी म्हणालो असतो तर ती वडिलांना पुरून उरली असती. नळावर चाळीला पुरून उरणारी बाई ती. तिला फक्त कोणीतरी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं. मला खिडकीखालचा कोपरा आठवत होता. खाटही आठवत होती. मी म्हणालो, "तीन वर्षांचाच प्रश्न आहे गं. तू रिटायर होईपर्यंत मी दुसरीकडे बघतोच."

"बरा," आत्या म्हणाली. "मगे झाला."

पुढच्या रविवारी ती भांडुपला गेली आणि दुपारच्या आतच परत आली. त्या लोकांनी काय सांगितलं म्हणून वडिलांनी विचारलं. जातात म्हणाले, एवढंच तिने सांगितलं. वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी गावच्या मंडळातले दोन दांडगे गडी सांगून ठेवले होते, वेळ आली तर दमदाटी करायला. पण आठव्या दिवशी नंदकुमार स्वतः किल्ली घेऊन आला. बदलापूरला खोली मिळाली, म्हणाला. तिथून साकीनाका म्हणजे त्याचे रोजचे चार तास जाणार होते. तो आत्याच्या पाया पडला, आमच्याकडे पाणी प्याला आणि गेला. वडील किल्लीकडे बघत राहिले. सहज जिंकल्याचं त्यांना बहुतेक आवडलं नसावं.

घर त्यांनी धुऊनपुसून दिलं होतं. खिळ्यांची भोकंसुद्धा चुन्याने बुजवलेली. खाट तेवढी तिथेच होती. काशीरामकाका जिन्यात भेटले. भाची गेली काय हो, म्हणाले. मी म्हटलं, हो, आता मी राहणार, सख्खा भाचा. मान हलवून ते जिना उतरले.

लग्नानंतर वास्तुशांत केली. पूजेला जोडपं लागतं, त्यामुळे मी आणि कुंदा पाटावर बसलो. भटजींनी यजमान म्हणून माझं नाव घेतलं, माझं गोत्र घेतलं. आत्या गॅलरीत बसून प्रसादाच्या पुड्या बांधत होती. कंपनीतल्यासारख्या, एकामागून एक, सगळ्या एका मापाच्या. कोणीतरी तिला म्हणालं, आत या की. ती म्हणाली, हात गुंतलेत.

मी भाडं देऊ केलं होतं, हे सांगायला हवं. म्हणजे एकदा तोंडाने म्हटलं होतं. ती म्हणाली, भाच्याकडसून कोण भाडा घेता काय? मला ते ऐकून बरं वाटलं आणि मी पुन्हा विचारलं नाही. राहिलेले हप्ते काही मी भरले, बरेचसे तिने. अठ्ठ्याऐंशीत कर्ज फिटलं. पतपेढीचा कागद तिने ट्रंकेत ठेवला आणि चाळीत पेढे वाटले. मी पहिल्या वर्षी दोन ठिकाणी जागा बघितल्या, डोंबिवलीला आणि कळव्याला. महाग होत्या. मग बघणं कमी झालं. मग राहिलंच. माणूस एखाद्या घरात पडदे लावतो, भिंतीला रंग काढतो, फ्रिज कुठे बसेल ते ठरवतो, आणि एक दिवस ते घर त्याचं होतं. ज्या भाडेकरूची वडिलांना आयुष्यभर धास्ती वाटली तो मीच होतो. करार नसलेला, पावती नसलेला आणि भाडंही न देणारा.

आत्या आमच्याकडे फार आली नाही. दोन वर्षांत पाचसहा वेळा. बेल वाजवून बाहेर उभी राहायची, कुंदाने दार उघडलं की चप्पल काढून भिंतीकडेच्या खुर्चीत बसायची. स्वयंपाकघरात जात नसे. तिथे खाटेवर आमच्या गाद्यांचा ढीग होता. कुंदाला दोष देणं सोपं आहे, पुष्कळ जणांनी दिलाही, पण तो खोटा आहे. एकदा आत्या गेल्यावर कुंदाच मला म्हणाली, "त्यांना इकडेच आणूया का? स्वयंपाकघरात सोय होईल." मी म्हटलं, "जागा कुठे आहे?"

हे वाक्य माझं आहे. मी ते विसरलेलो नाही.

नव्वदच्या मार्चमध्ये ती निवृत्त व्हायची होती. एकोणनव्वदच्या सप्टेंबरात, दुसऱ्या पाळीला, खोका हातात असतानाच ती टेबलावर कोसळली. कंपनीच्या गाडीने तिला इस्पितळात नेलं. तीन दिवस होती. मी उशाशी बसलो होतो, आणि मला तिला सांगायचं होतं की बरी झालीस की सरळ भांडुपला यायचं. रोज सांगू म्हटलं. ती बहुतेक वेळ झोपेतच असे. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. इस्पितळाच्या कॉटवर तिचे पाय पूर्ण लांब झाले होते, हे मला तेव्हाही दिसलं आणि मी हमसून रडलो. आई मला गप्प करत होती. तिला वाटलं, भाच्याची माया.

बारावं घाटकोपरलाच, चाळीत केलं. जेवणं उरकत आली होती. दारात उंच बाई उभी राहिली, बरोबर सहा वर्षांची मुलगी. मी आधी ओळखलं नाही. पद्मजा वाळली होती. कंपनीतल्या एका बाईकडून तिला आदल्या दिवशी कळलं होतं. ती आत आली, आत्याच्या फोटोपुढे बसली आणि आवाज न करता रडली. मग उत्तराला पुढे करून नमस्कार करायला लावला. बायकांनी विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाली, भाची. 

थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळली. वडील पलीकडे बसले होते, आई भांडी आवरत होती, कुंदा चहाचे कप घेऊन उभी होती.

"भाऊ, मावशी आम्हाला जागेचं सांगायला आली ना, त्या दिवशी तिला बोलताच येईना," पद्मजा म्हणाली. "आमचं तर ठरलं होतं, रिटायर झाली की ती आमच्यातच राहणार म्हणून. मी म्हटलं, काय झालं सांग तरी. तर म्हणाली, पद्मा, रागवू नको. जन्मभर दुसऱ्यांच्यात राहिले. आता माझ्या घरात मला एकटीला राहावंसं वाटतंय. मला जरा लागलं ते. पण हे म्हणाले, तिची हौस आहे, आपण लगेच निघू. म्हणून आठ दिवसांत सोडली आम्ही जागा."

आईचा हात थांबला. वडिलांनी मान वर केली नाही.

"ती घाटकोपरला तुमच्या लग्नापर्यंत थांबेल आणि मग जाईल राहायला, एवढंच मला माहीत. पुन्हा यायला जमलंच नाही हो बदलापूरहून. दोन बाळंतपणं झाली." तिने पदराने नाक पुसलं. "राहिली ना ती सुखानं? आपल्या घरात?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.

"हो," मी म्हणालो. "राहिली."

"किती दिवस मिळाले?"

"दोन वर्षं. वर थोडे महिने."

पद्मजाचा चेहरा सैल झाला. मग बरं झालं, म्हणाली. घर सोडल्याचं सार्थक झालं. कुंदाने तिच्या हातात कप दिला आणि लगेच आत वळली. पद्मजाने चहा घेतला, दोन घास जेवली. निघताना दारात थांबून म्हणाली की उत्तराचा जन्म त्या घरातला, पोरीला काही आठवत नाही. वाटेतच आहे, तर मावशीचं घर एकदा दाखवून नेते. किल्ली आमच्याकडे असेल तर.

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. दारावर आता माझ्या नावाची पाटी होती. मी म्हणालो, जागा सध्या बंद आहे, सोसायटीचं काहीतरी काम चाललंय, पुन्हा कधीतरी या. ती लगेच म्हणाली, असू दे, असू दे, आज दिवस तसा नाही. मुलीचा हात धरून ती जिना उतरली.

आम्हालाही निघायचं होतं. कुंदाने पिशवी भरली होती. पण भांडुप आणि बदलापूर एकाच बाजूला. स्टेशनवर ती भेटली असती आणि कुठे निघालात म्हणून तिने विचारलं असतं. मी कुंदाला म्हटलं, जरा थांबू. मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो, आत्या झोपायची त्या पट्टीवर, पाय दुमडून.